वरचे चार दात

कापसाच्या तेजीच्या तिसऱ्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी, अमरावतीला आमच्या घरी माझ्या मुलीचा वरचा पुढचा दात ज्वारीच्या भाकरीत तुटला. ती चार वर्षांची होती. दात पडायचं ते वय नव्हे. तुकडा काळा होता आणि नखाने दाबल्यावर त्याचा चुरा झाला. रक्त आलं नाही. ती रडलीही नाही. तिने तो चुरा आईच्या तळहातावर ठेवला आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करून मागितली.

मी तेव्हा अमरावतीच्या कापूस बाजारात लिहिण्याचं काम करत असे आणि दर आठवड्याला मुंबईच्या एका वृत्तपत्राला बाजाराचं पत्र पाठवत असे. गाड्या किती आल्या, माल कसा होता, हवा कशी होती, एवढंच त्यात असे. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, आणि लिहिलीच तर कोणाकडून ऐकली ते लिहायचं, असा संपादकांचा दंडक होता. ही सवय मी सहसा घरात आणत नसे. त्या सकाळी आणली. मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि आत पाहिलं. वरचे पुढचे चार दात खराब झाले होते. एक तुटलेला, एक हिरडीपर्यंत झिजलेला, दोन कडेने काळे पडलेले. खालचे पांढरे आणि अख्खे होते. दाढांनाही काही झालेलं नव्हतं.

आमचं मूळ घर वलगावचं. तिथली शेती थोरले भाऊ पाहत. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडचा कापूस सगळ्यांना हवासा झाला. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचं काम तेव्हा बाया घरी हातरेच्यावर करत. रेचा म्हणजे दोन रुळांचा लाकडी चरखा. एका हाताने मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताने कापूस घालायचा. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे राहते. तेजीच्या आधी हे काम दुपारपुरतं असे. तेजीत ते उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालू लागलं. हंगामात वहिनी, म्हणजे थोरल्या भावांच्या पत्नी, वलगावहून आमच्याकडे येऊन राहत. पडवीत त्यांनी रेचे मांडले होते. त्या, माझी बायको आणि गल्लीतल्या काही बाया तिथे बसत.

अंगावरची मुलं जवळच असत. मूल रडलं की आईला मूठ सोडून उठावं लागे. म्हणून रेच्यावरच्या बायांची एक रीत होती. स्वच्छ रुईचा लांबट गोळा करायचा, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीत बांधायचा, गुळाच्या पाण्यात बुडवायचा आणि मुलाच्या तोंडात द्यायचा. कापसाच्या बोंडासारखा दिसे म्हणून त्याला बोंडी म्हणत. मूल ती चोखत पडे आणि चोखता चोखता झोपे. सुकली की पुन्हा बुडवायची. माझ्या मुलीने दोन हंगाम बोंडी चोखली, आणि मधल्या पावसाळ्यातही सोडली नाही. पुष्कळदा ती मीच भिजवून दिलेली होती.

दात तुटला त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला खालचे दोन दात आले होते. वरचे यायचे होते. त्याच्याही तोंडात बोंडी होती.

वहिनींनी मुलीचं तोंड पाहून लगेच निदान केलं.

"किडा लागला. दुसरं काई नाई. वैदीण बलावा, धुरी दिली का पडते."

"आन दात?" माझ्या बायकोने विचारलं.

"काळे तं काळे. माहे काय पांढरे हायत? लग्नात दातवण लावाची कटकट मिटली पोट्टीची."

पडवीतल्या बाया हसल्या. त्या काळी लग्न झालेल्या बाया दातवण नावाची पूड लावून दात काळे करत. वहिनींचेही काळे होते, पण त्या त्याच दातांनी सुपारी फोडत.

"दुधाचे हायत, पडतीनच," असं म्हणून वहिनी पुन्हा रेच्यावर बसल्या. मग मूठ धरता धरता म्हणाल्या, "पण किडा मुळात राह्यला तं नवे बी काळेच येतीन. म्हून म्हणतो, धुरी द्या."

हे वाक्य माझ्या बायकोच्या मनातून पुढे तीन वर्षं गेलं नाही. माझ्याही गेलं नाही.

वैदीण दुसऱ्या दिवशी आली. तिने निखाऱ्यावर रिंगणी या काटेरी झुडपाचं बी टाकलं, वर भोक पाडलेली करवंटी उपडी ठेवली, भोकातून येणारा धूर मुलीच्या तोंडात घेववला आणि समोर पाण्याची वाटी धरली. मुलगी खोकली, थुंकली. वाटीत चार बारीक पांढरे किडे दिसले. बाया उठून पाहायला आल्या. मी वैदिणीला म्हटलं, माझीही धुरी होऊन जाऊ द्या. माझे दात धड होते. वाटीत सहा किडे पडले.

"भाऊजी, तुमाले तं पोट्टीपेक्षा जास्त निघाले!" वहिनी म्हणाल्या.

वैदीण गडबडली नाही. "मोठ्या माणसाचं तोंड मोठं, बाई. किडे बी जास्तच राह्यतीन," ती म्हणाली आणि सूपभर ज्वारी घेऊन गेली.

वाटीतले किडे हलत नव्हते. ती गेल्यावर मी जमिनीवर सांडलेलं रिंगणीचं एक बी भिजत घातलं आणि सकाळी टाचणीने फोडलं. आत तसाच पांढरा, वळलेला कोंब निघाला. तो मी बायकोला दाखवला. तिने पाहिला आणि विचारलं, "मंग काळे कशानं झाले?"

उत्तर तिनेच काढलं. ती मोर्शीकडची. तिच्या माहेरी रेचा नव्हता, म्हणून बोंडीही नव्हती, आणि तिच्या बहिणीच्या मुलांचे दात चांगले होते. आमच्या गल्लीत ज्यांच्या आया रेच्यावर बसत, त्या मुलांची तोंडं तिने एकेक करून पाहिली. पुष्कळांचे वरचे पुढचे दात गेलेले होते. खालचे कोणाचेच गेले नव्हते. त्या संध्याकाळी, बाया घरी गेल्यावर, तिने एक बोंडी गुळाच्या पाण्यात बुडवली आणि स्वतःच्या तोंडात धरली. मी समोर बसलो होतो. बराच वेळ ती चोखत राहिली. मग बोंडी काढून म्हणाली, "चोखतानी जीभ खाली पसरते. खालचे दात झाकून जातेत. गूळ सारा वरच्यायवर राह्यते. आइकता का?"

मीही बोंडी तोंडात धरून पाहिली. ती म्हणत होती तसंच होतं.

तिने ती बोंडी चुलीत टाकली. मुलाची बोंडी पाळण्यातून काढली, तीही टाकली. "पोरीचे गेले," ती म्हणाली. "पोराचे मी जाऊ देत नाई."

पुढचे तीन दिवस पडवीत मुलाचं रडणं होतं. चौथ्या दिवशी गाड्या भरून निघायच्या होत्या आणि रुई अजून पुरती झालेली नव्हती. माझी बायको उठून त्याला घेई, गप्प करी, परत बसे, पुन्हा उठे. वहिनींनी दोन दिवस सोसलं.

"तुह्या पोराले वरचे दात अजून निघाले बी नाई," त्या म्हणाल्या. "आन तू त्यायची राखण करून राहिली?"

"निघून सडल्यावर राखू का, बाई?"

"आमी काय पोरं वाढवली नाई? आमच्या पोरायले दात नाईत?"

"तवा तुमी दुपारीच बसत होत्या रेच्यावर. आता दिवसभर बसून राहिलो आपण. गूळ बी दिवसभरच चालू हाय."

वहिनी पुन्हा मूठ फिरवू लागल्या. पण तिसऱ्या दिवशी दुपारी मूल अचानक शांत झालं. माझी बायको तेव्हा विहिरीवर होती. परत आली तेव्हा मूल झोपलेलं होतं आणि पाळण्याच्या दोरीवरून मुंग्यांची रांग खाली उतरत होती.

"काय देल्लं त्याले?"

"पाणी देल्लं," वहिनी म्हणाल्या. "साधं पाणी."

"मंग साध्या पाण्याले मुंग्या काहून आल्या?"

गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनींनाही हसू आलं. "जाऊ दे माय," त्या म्हणाल्या, "एवढीशी तं बुडवली होती." माझ्या बायकोने ओल्या फडक्याने मुलाचे खालचे दोन दात आणि वरची हिरडी पुसली. मग तिने पाळणा आपल्या रेच्याजवळच्या आढ्याला टांगला, त्याची दोरी लांब करून पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि बसली. हात मूठ फिरवू लागला आणि पाय दोरी ओढू लागला. मूल थोडा वेळ रडलं. मग झोके मोजत असल्यासारखं वर बघत राहिलं. गाड्या ठरल्या दिवशी निघाल्या. त्या आठवड्यात मूल पडवीत किती रडलं याची नोंद माझ्याकडे नाही, पण बोंडी पुन्हा दिली गेली नाही हे बायको खात्रीने सांगत असे. हंगाम संपायच्या आत गल्लीतल्या आणखी दोन बायांनी दोरी अंगठ्याला बांधलेली मी पाहिली.

मुलीचा प्रश्न वेगळा होता. काळे पडलेले दोन दातही एव्हाना तुटले होते आणि वर नुसते चार खुंट उरले होते. बोंडी तिने सोडली होती, पण तोंडात कोणाचा हात येऊ देत नव्हती. बाभळीची काडी खुंटांना टोचे. म्हणून बायकोने बाभळीचा कोळसा आणि मीठ बारीक कुटून वस्त्रगाळ केलं आणि ते बोटाने लावायला गेली. मुलीने बोट चावलं. मी गेलो, मलाही चावलं. खालचे दात चांगले असल्याची ती आणखी एक खूण होती. माघात ऊस आला. वहिनींबरोबर आलेले चुलतभाऊ दातांनी कांडी सोलत, तिला सोलता येत नसे. सोललेला तुकडा तिच्या हातावर ठेवताना ते तिला "बोखी" म्हणत. ती तुकडा घेई आणि ज्याने दिला त्याला लाथ मारून पळे.

फाल्गुनात मी बैलबाजाराचं पत्र लिहायला गेलो. कापसाच्या गाड्यांमुळे बैलांना फार मागणी होती. त्या दिवशी मुलगी बरोबर होती, कारण घरी पुरण शिजत होतं आणि तिने गुळाच्या ढेपेकडे दोनदा हात नेला होता. बाजारात एक अचलपूरचा बैलांचा बेपारी माझ्या ओळखीचा होता. मुसलमान, पन्नाशीचा, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलणारा. तो एका गिऱ्हाइकाला बैल दाखवत होता. त्याने बैलाच्या जबड्यात बाजूने अंगठा घातला, ओठ उलटा केला आणि म्हणाला, "देखो, चार दाती हाय. अजून दोन साल में जुळन." बैलाचे जितके पक्के दात आले तितका तो 'दाती', आणि आठही आले की बैल जुळला म्हणतात.

मुलगी पुढे गेली. वाकून तिने बैलाच्या तोंडात पाहिलं.

"याले वरचे दातच नाईत," ती म्हणाली.

"बैलाले वरचे पुढचे राह्यतच नाई, बेटा."

"मले बी नाईत." तिने तोंड उघडून दाखवलं. घरात कोणापुढे न उघडलेलं तोंड तिने तिथे आपणहून उघडलं.

बेपाऱ्याने बैल सोडला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. हात लावला नाही. मान तिरपी करून, बैलाचं पाहावं तेवढ्याच गंभीरपणे पाहिलं.

"तुले रवंथ करता येते का?"

"नाई."

"कडबा खाते का?"

"नाई. भाकर खातो."

"मंग तू बैल नाई. तुले वरचे लागतीन." तो माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलत होता. "ये दूध के दात हैत. बैलाचे बी पहिले दुधाचेच राह्यते. ते पडते, मंग रुंद पक्के येते, दोन दोन करून. ते गेले तं बैलाले पुन्हा नाई भेटत. तुले बी नाई भेटत. समजली?"

"पडायच्या आधी घासले तं?"

हे मात्र त्याला ठाऊक नसावं. तो म्हणाला, "हिरडी साफ राह्यली तं चांगलं. बैलाची बी आमी पाहतो. सुजली असन तं बैल चारा सोडते."

तिने आणखी विचारलं, बैलाला कोण घासून देतं. तो हसला आणि म्हणाला, "बैल गूळ नाई खात, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर आली, माझ्या तोंडात बाजूने अंगठा घातला, ओठ उलटा केला आणि म्हणाली, "जुळला." मग स्वतः आ करून उभी राहिली. मी कोळशाच्या पुडीचं बोट तिच्या हिरड्यांवरून आणि चार खुंटांवरून फिरवलं. तिने चावलं नाही.

त्या दिवसापासून क्रम ठरला तो तिनेच ठरवला. आधी ती माझं तोंड तपासे. मग मी बाभळीची काडी चावून कुंचा करी आणि दात घाशी, ती बोटाने घाशी, आणि शेवटी ती आणि तिची आई मिळून धाकट्याचे दात फडक्याने पुसत. गोड खाल्लं की चूळ भरायची, हा नियमही तिने लावला आणि तो वहिनींनाही सोडला नाही. वहिनींनी एकदा पुरणपोळीवर चूळ भरायचं टाळलं तेव्हा ती लोटी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माहे दात काळेच हायत, माय. मले काहून?"

"मोठी आई, काळे हायत, पण हायत ना."

वहिनींनी चूळ भरली. पुढे त्या ही गोष्ट वलगावला सांगत, पण तिथे आपण काय उत्तर दिलं ते दर वेळी निराळं सांगत.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझं काम अकोल्याला गेलं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. कुटलेल्या पुडीची लोटकी मुलीने गाडीत मांडीवर घेतली होती. त्यानंतर अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव उतरला. अकोल्याच्या घरी रेचा नव्हता. मुलाला वरचे चार दात आले होते आणि ते चारही पांढरे होते. मुलीचे खुंट तसेच होते. एका खुंटावर एकदा गळू आलं, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरून आठ दिवसांत बसलं. त्या आठ दिवसांत माझ्या बायकोने मला तीनदा विचारलं, मूळ सडलं असेल तर नवा कसा येईल. मी बाजारात चार जणांना विचारलं. चौघांनी चार उत्तरं दिली आणि त्यांतलं एकही त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

सहाव्या वर्षी खालचे दुधाचे दोन दात पडले. त्यांच्या जागी रुंद, करवतीसारख्या कडेचे दोन आले. मुलीने ते आरशात पाहून "दोन दाती" असं जाहीर केलं. खालचे आधीही चांगलेच होते, त्यामुळे वरच्यांबद्दल त्यावरून काही कळत नव्हतं. सातव्या वर्षी, श्रावणात, वरचे मधले दोन खुंट एका आठवड्यात पडले. हिरडी दोन महिने कोरी राहिली. ती रोज सकाळी आधी माझं तोंड तपासे, मग स्वतःच्या हिरडीवरून बोट फिरवी आणि पूड लावून घेई.

आश्विनात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिने बोट फिरवलं आणि तिथेच ठेवलं. मग आईला हाक मारली. माझ्या बायकोने तिला उजेडाकडे वळवलं आणि ओठ वर केला. हिरडीत एक पांढरी कड दिसत होती. दिवाळीपर्यंत दुसरी दिसू लागली. पौषापर्यंत दोन्ही दात अर्ध्यावर आले. त्यांच्यावर काळं काही नव्हतं.

माघात वहिनी अकोल्याला आल्या. त्यांनी गाडीतून वलगावचा ऊस आणला होता. मुलीला समोर बसवून त्यांनी तिचं तोंड पाहिलं, आधी उजेडात, मग पुन्हा दारात नेऊन. "पांढरे हायत," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. मग त्यांनी सोलून द्यायला कांडं हातात घेतलं. मुलीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, पुढच्या दातांत धरलं आणि साल टोकापासून पेरापर्यंत ओढून काढली. अर्धं कांडं तिने भावाला दिलं. दोघांनी ते ओट्यावर बसून खाल्लं. नंतर तिने लोटी आणली. दोघांनी चुळा भरल्या.